घरातला दुतोंड्या मारुती: आपली साऊंड सिस्टिम तुलनेचं माप कशी करायची

पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की पेपरात क्युसेकचे आकडे येतात, पण नाशिकमध्ये जो तो एकच विचारतो, पाणी मारुतीच्या कुठवर आलंय. गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, एवढं ऐकलं की पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत सगळ्यांना पूर केवढा आहे ते बरोबर कळतं. तो मारुती काही मोजपट्टी म्हणून उभा केलेला नाही, पण तो जागचा हलत नाही आणि आपण सगळ्यांनी तो उन्हाळ्यात कोरडा पाहिलेला असतो, म्हणून तो माप झाला.

घरची सिस्टिम रेफरन्स, म्हणजे तुलनेचं माप, कधी म्हणायची असं कोणी विचारलं की मी हाच मारुती सांगतो. बॉक्सवर रेफरन्स छापलंय की नाही, ॲम्प (ॲम्प्लिफायर) किती किलोचा आहे, यावर ते ठरत नाही. ती सिस्टिम आज जशी वाजते तशीच सहा महिन्यांनी वाजली पाहिजे, तिची चूक कुठे आणि किती आहे ते आपल्याला माहीत पाहिजे, आणि ती चूक इतकी लहान पाहिजे की दुसरी वस्तू लावल्यावर जो फरक ऐकू येतो तो त्या वस्तूचाच आहे असं छातीठोक सांगता यावं.

याची दोन जुनी उदाहरणं मला फार आवडतात. १९७० च्या दशकात बीबीसीने एलएस३/५ए नावाचा छोटा मॉनिटर, म्हणजे आवाज जोखायचा स्पीकर, तयार केला, बाहेर रेकॉर्डिंगला नेतात त्या गाडीत मावेल एवढा. त्याला खोल बेस नव्हताच, पण माणसाचा आवाज त्यावर माणसासारखा यायचा आणि ते पक्कं माहीत असल्यामुळे लोक त्यावर निर्णय घ्यायचे. दुसरं उदाहरण यामाहाचा एनएस-१०, १९७८ चा, पांढऱ्या कोनचा. हा खरं तर घरगुती स्पीकर म्हणून आला होता, ऐकायला कडक होता, काही इंजिनिअर तर त्याच्या ट्विटरवर (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या भागावर) टिश्यू पेपर लावायचे, तरी जगभरच्या स्टुडिओंत तो ठाण मांडून बसला कारण सगळ्यांना तो पाठ झाला होता. एकाचं माप अचूकपणामुळे, दुसऱ्याचं ओळखीमुळे. घरी आपल्याला दोन्ही थोडं थोडं जमवायचंय, आणि ते जमतं, मी इंदिरानगरच्या साध्या फ्लॅटच्या ११ बाय १६ फुटाच्या हॉलमध्ये जमवलंय, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

आधी कान कशावर लावायचा ते ठरवा

सगळ्यात पहिलं काम सिस्टिमला हात न लावता करायचंय. खरा आवाज कसा असतो ते कानात बसवा. इथे बरेच जण चुकतात, कालिदास नाट्यगृहात कार्यक्रम ऐकला किंवा पिंपळपारावर पाडवा पहाट ऐकली आणि तसं घरी वाजलं पाहिजे म्हणतात. त्या कार्यक्रमांचा आनंद वेगळा, पण तिथे आपण ऐकतो तो माईक, मिक्सर आणि मोठ्या स्पीकरमधून आलेला आवाज असतो, म्हणजे एका सिस्टिमवरून दुसरी सिस्टिम जोखणं झालं. कान लावायचा तो बिनमाईकच्या आवाजावर. कोणाच्या घरी बैठक असेल तर जा, गाण्याच्या क्लासला कोपऱ्यात बसायची परवानगी मागा, शेजारची मुलगी तबला शिकत असेल तर तिच्या समोर सहा फुटांवर दहा मिनिटं बसा.

आमच्या घरी ताई गाते आणि तिचा तानपुरा हॉलमध्येच असतो, त्यामुळे माझं हे काम सोपं झालं. तानपुरा हे जोखण्याचं फार मोठं साधन आहे. काळी १ ला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला, लावला की जोड (मधल्या दोन तारा) साधारण १३९ हर्ट्झवर आणि खर्ज (शेवटची जाड तार) ६९ वर येतो. पण खर्जाच्या तारेत मूळ स्वर तसा बारीकच असतो, जीव असतो तो वरच्या स्वरांशांत (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या बारीक स्वरांत), आणि तार नीट लागली, जवारी (तारेला झंकार देणारी घोडीवरची ठेवण) खुली असली की खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो, त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. तो खर्जाचा पाचवा स्वरांश, म्हणजे साधारण ३४७ हर्ट्झ. आता गंमत बघा, हा स्वर ट्विटरचाही नाही आणि खोल बेसचाही नाही, अगदी मधल्या पट्टीतला आहे, तरी स्पीकरने किंवा खोलीने खालचा भाग फुगवला की तो सगळ्यात आधी झाकला जातो. मी पहिल्यांदा मोठ्या हौसेने सिस्टिम लावून ताईला बोलावलं, तिने अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाली, "अरे, खर्ज फुगलाय आणि जवारी बंद झालीये, हा आपला तानपुरा नाहीच." रेकॉर्डिंग तिच्याच तानपुऱ्याचं होतं. तिच्या त्या दोन शब्दांत पुढचं सगळं काम होतं, खर्ज फुगणं ही खोलीची चूक आणि जवारी बंद होणं बरंचसं जागेची.

खोली

निम्मी सिस्टिम म्हणजे खोलीच. आपल्याकडचे हॉल म्हणजे खाली व्हिट्रिफाइड टाईल्स, चारी बाजूंनी प्लास्टर, एक मोठी काचेची स्लायडिंग खिडकी. अशी खोली रिकामी असेल तर आवाज दोन सेकंदांच्या पुढे घोळत राहतो, आणि नीट ऐकायला तो अर्ध्या सेकंदाच्या आत विरायला पाहिजे. मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागे टर्रर असा पत्र्यासारखा आवाज आला तर दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींत आवाज टोलवला जातोय.

इलाज घरातलेच आहेत. जाड पडदे चुण्या सोडून, खिडकीपेक्षा दीडपट-दुप्पट रुंद. स्पीकर आणि आपण यांच्यामध्ये जमिनीवर सतरंजी, तिच्याखाली एखादी जुनी गोधडी. पुस्तकांचं उघडं कपाट. कापसाची गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी करून बघा, फरक लगेच कळतो. अंड्याचे ट्रे लावू नका, ते फक्त वरच्या आवाजाचा थोडा भाग खातात आणि खालचं फुगणं तसंच राहतं, म्हणजे आवाज अजूनच बोजड होतो. पातळ फोमचंही तेच. खर्च करायचाच असेल तर ४८ डेन्सिटीचा रॉकवूल घ्या, ४ इंच जाडी होईल असा, सुताराकडून २ बाय ४ फुटाची फ्रेम करून घ्या, वर सुती कापड ताणून लावा (हातमोजे आणि तोंडाला मास्क लावूनच, ते तंतू खाजतात). असे चार पॅनल, त्यातले दोन स्पीकरच्या मागच्या कोपऱ्यांत, एवढ्याने माझी खोली माणसात आली.

खर्ज का फुगला होता ते आता. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. खोलीची लांबी मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा आणि ३४३ ला तिने भागा, जो आकडा येईल त्या स्वराला ती खोली घुमते, आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट स्वरांनाही घुमते. माझे १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर, उत्तर ३५ हर्ट्झ, आणि त्याची दुप्पट ७०. काळी १ चा खर्ज ६९! ताईचा खर्ज नेमका माझ्या खोलीच्या घुमण्यावर बसत होता, आणि माझा सोफा मागच्या भिंतीला चिकटवलेला, जिथे हे घुमणं सगळ्यात जास्त असतं. रुंदीचे ११ फूट ५१ हर्ट्झ देतात, साडेनऊ फुटाचं छत ५९. तुमची खोली १० बाय १२ ची आणि छतही १० फुटाचं असेल तर रुंदी आणि उंची दोन्ही ५६ वर एकत्र घुमतील आणि तिथे तबल्याचा डग्गा बादलीसारखा वाजेल. खोली निवडायची सोय असेल तर एकसारखी मापं टाळा, चौरस खोली तर टाळाच.

जागा ठरवणं, यात घाई नको

सोफा भिंतीपासून पुढे ओढा. मी अडीच फूट ओढला, त्या ७० च्या घुमण्याचा जोर जवळपास ५ डेसिबलने कमी झाला, एक रुपया खर्च न करता. अगदी मधोमध मात्र बसू नका, तिथे ३५ चा आवाज जवळजवळ गायबच होतो.

स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, कारण जागा नसते, मला मान्य आहे. पण मागच्या भिंतीवरून परत आलेला आवाज थेट आवाजात मिसळतो आणि एका ठरावीक स्वराला तो त्याला खातो. स्पीकरची पुढची बाजू भिंतीपासून २ फुटांवर असेल तर हा खड्डा साधारण १४० हर्ट्झला पडतो, १ मीटरवर असेल तर ८६ ला. १४० म्हणजे पुरुषी आवाजाचा पायाच, तिथे खड्डा पडला की गायक पोकळ वाटतो. म्हणून एका माणसाला स्पीकर धरायला सांगा, ओळखीचा पुरुषी आवाज लावा आणि दोन-दोन इंचांनी मागेपुढे करत जा. दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण पकडून सुरुवात करा, माझ्याकडे तिन्ही बाजू साडेसात फुटाच्या जवळ आहेत. डाव्या-उजव्या भिंतींपासून दोघांचं अंतर सारखं पाहिजे. ते नसेल, एकीकडे भिंत आणि दुसरीकडे पॅसेज असेल, तर आवाज एका बाजूला झुकणार आणि तो कुठल्याही महागड्या वायरने सरळ होणार नाही.

ट्विटर कानाच्या उंचीला. सोफ्यावर बसून ऐकत असाल तर तो जमिनीपासून ३६-३८ इंचांवर येतो, पण बऱ्याच घरांत गाणं भारतीय बैठकीवर बसूनच ऐकतात, तिथे कान २८-३० इंचांवर असतो. सुताराला स्टँडचं माप देण्याआधी तुम्ही रोज जसे बसता तसे बसा आणि दुसऱ्याला कानापर्यंत टेप लावायला सांगा.

मग आरसा. तुम्ही ऐकायच्या जागेवर बसा, घरातल्या कोणालातरी बाजूच्या भिंतीवरून हातभर आरसा सरकवत न्यायला सांगा, आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे पेन्सिलची खूण करा. थेट आवाजानंतर सगळ्यात आधी जो आवाज परत येतो तो त्या जागेवरून येतो. उरलेले दोन पॅनल तिथे. ताईची जवारी यानेच खुलली, कारण टाईल्स आणि भिंतीवरून लगेच परत येणारे ते आवाज जवारीचे बारीक स्वरांश पुसून टाकत होते.

सगळं मनासारखं झालं की फरशीवर स्टँडच्या कोपऱ्यांना कापडी टेपच्या खुणा करा, सोफ्याच्या पायांनाही. घरात लादी पुसताना स्टँड सरकतातच, खुणा असल्या की परत जागेवर जातात. मारुती हलता कामा नये.

वायर, अर्थिंग, गुणगुण

वायरबद्दल थोडक्यात. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी २.५ स्क्वेअरची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर घ्या, दोन्ही बाजूंना सारख्या लांबीची. ५ मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रेझिस्टन्स ०.०८ ओहमच्या आसपास येतो, ८ ओहमच्या स्पीकरसमोर तो १ टक्का आहे, विषय संपला. लाल-काळं दोन्हीकडे बरोबर लागलंय का ते मात्र तपासा, एका स्पीकरचं उलटं झालं की बेस गायब होतो आणि मधला आवाज विस्कटतो. मोनो (दोन्ही स्पीकरला एकच आवाज) बोलणं लावा, ते दोन स्पीकरच्या बरोबर मधून, एका बिंदूतून यायला पाहिजे.

गुणगुण येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. बाहेरून येणारी ती केबल आणि घरचं अर्थिंग यांत फरक असला की ५० हर्ट्झची गुणगुण सिस्टिममध्ये शिरते. सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून घ्या. थ्री-पिनची अर्थची पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे, त्यापेक्षा इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. आणि इन्व्हर्टरवर चालू असताना आवाज जोखू नका, बरेच घरगुती इन्व्हर्टर साईन वेव्ह देत नाहीत, त्याची करकर ॲम्पमध्ये येते.

आवाज किती ठेवायचा

हा मुद्दा लोक सोडूनच देतात आणि सगळी तुलना इथे बिघडते. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं की आपला कान वेगवेगळ्या मोठेपणाला वेगवेगळा ऐकतो, आवाज लहान केला की बेस कानाला जास्त कमी झाल्यासारखा वाटतो. म्हणजे व्हॉल्यूम बदलला की सिस्टिमचा स्वभावच बदलल्यासारखा ऐकू येतो. एकच पातळी ठरवा. पिंक नॉईजची (सगळे स्वर एकत्र असलेल्या, धबधब्यासारख्या सळसळाटाची) फाईल लावून, एका वेळी एकच स्पीकर, ऐकायच्या जागेवर ७५ डेसिबल, मीटरचं सेटिंग सी-वेटेड, स्लो. ही पातळी फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना त्रास न देता दुपारी ठेवता येते. मोबाईलच्या ॲपचा आकडा चुकीचा असू शकतो पण रोज तोच मोबाईल तिथेच ठेवला तर सारखेपणा मिळतो, आणि आपल्याला तोच हवाय. व्हॉल्यूमच्या त्या जागी खूण करा.

सरासरी ७५ ला तबल्याची थाप त्याच्या वर १५-२० डेसिबल उडी मारते, म्हणजे ९५ पर्यंत जायची तयारी पाहिजे. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (एका वॉटला एक मीटरवर एवढा वाजणारा) स्पीकर, ५० वॉट, अडीच मीटर अंतर, दोन स्पीकर, हिशोब ९८ च्या आसपास येतो, म्हणजे पुरतं. नाशिक ढोल मात्र घरात खऱ्या मापाचा वाजणार नाही, तो अंगावर घ्यायचा आवाज आहे आणि तो मैदानातच घ्यावा. पथकात वाजवत असाल तर सरावाच्या दिवशी सिस्टिम जोखू नका, कान तात्पुरते बधिर झालेले असतात, एक रात्र पूर्ण जाऊ द्या. कानाची कामाच्या जागची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० डेसिबलला १५ मिनिटंच उरतात. सरावाला इअरप्लग लावा, हे मनापासून सांगतोय, आपलं सगळ्यात महाग उपकरण कानच आहेत.

आणि ऐकताना पंखा बंद. पाचवर फिरणारा पंखा तानपुऱ्याची शेपूट खातो. आमच्याकडे हिवाळ्यात हे सोपं जातं, एप्रिल-मे मध्ये मी पहाटे पाचला ऐकतो.

माईक लावून मोजा

युमिक-१ सारखा यूएसबी मेझरमेंट माईक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. माईकच्या सिरियल नंबरप्रमाणे त्याची कॅलिब्रेशन फाईल (त्या माईकची स्वतःची चूक सांगणारी) मिळते, ती आधी भरा, नाहीतर मोजणं व्यर्थ. माईक स्टँडवर, डोकं जिथे असतं तिथे, सोफ्याच्या पाठीपासून थोडा लांब. डावा एकदा, उजवा एकदा, मग दोन्ही, आणि मग डोक्याच्या आजूबाजूला फूटभर सरकवून अजून चार-पाच वेळा, त्यांची सरासरी काढा.

आलेली रेघ (कुठला स्वर किती मोठा येतोय त्याचा आलेख) बघून घाबरू नका, बेसमध्ये १० डेसिबलचे डोंगर-दऱ्या साध्या खोलीत असतातच. माझ्याएवढ्या खोलीत साधारण २०० हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य असतं आणि वर स्पीकरचं. ईक्यू (ठरावीक स्वर कमी-जास्त करायची सोय) वापरायचा तर २०० च्या खालीच, आणि फक्त डोंगर कापायला. दऱ्या भरू नका, कारण तिथे आवाज भिंतीवरून आलेल्या आवाजाने खाल्लेला असतो, तुम्ही १० डेसिबल वाढवले तर ॲम्पला दहापट वॉट द्यावे लागतात आणि खड्डा बराचसा तिथेच राहतो. खड्ड्याला इलाज जागा हलवणं. मी ७० च्या आसपासचा उरलेला ४ डेसिबलचा डोंगर तेवढा कापला.

वरची रेघ सपाट करायचा मोह आवरा. चांगला स्पीकर मोकळ्यात सपाट असला तरी खोलीत त्याची रेघ वरच्या स्वरांकडे हळूहळू उतरत जाते आणि कानाला तेच नैसर्गिक वाटतं. ती जबरदस्तीने सपाट केली की झांजा आणि 'स' टोचायला लागतात. कॅनडात आणि नंतर हार्मन कंपनीत संशोधक फ्लॉइड टूल यांनी वर्षानुवर्षं लोकांना न दाखवता स्पीकर ऐकवून हेच मांडलं, की ज्याचा समोरचा आवाज सपाट आणि बाजूला जाणारा आवाजही गुळगुळीत उतरता असतो तो बहुतेकांना आवडतो. म्हणून स्पीकर घेतानाच मोजमापं प्रसिद्ध झालेला स्पीकर घेतलेला बरा.

गच्चीवरचं रेकॉर्डिंग

आता माझा सगळ्यात भरवशाचा उपाय. बीबीसीवाले मॉनिटर जोखताना खरं माणूस बोलतंय आणि त्याचंच रेकॉर्डिंग स्पीकरवर वाजतंय असं समोरासमोर ऐकायचे. आपणही करू शकतो. खोलीत रेकॉर्ड केलं तर खोली दोनदा ऐकू येते, एकदा रेकॉर्डिंगमध्ये, एकदा वाजवताना. म्हणून गच्ची. जानेवारीत रात्री अकरानंतर, वारा पडलेला असताना, भिंतीपासून आणि टाकीपासून लांब, तोंडापासून ३ फुटांवर माईक. मोबाईलचा रेकॉर्डर नको, तो आवाज आपोआप कमी-जास्त करतो. लॅपटॉपला तोच मेझरमेंट माईक लावा आणि वेव्ह फाईल करा.

ताईला मी एकच वाक्य दहा वेळा बोलायला लावलं, "साडेसहाची शिवशाही चुकली, आता सातची शोधायची." मग चहामधला च आणि चाकामधला च असे शब्द. आपल्या मराठीतला हा फरक सगळा वरच्या स्वरांत असतो, ट्विटर किंवा खोली गडबड करत असेल तर दोन्ही च सारखेच ऐकू येतात. शेवटी मंद्र सा, मोठा श्वास न घेता, साधा.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये एकच स्पीकर, ताई त्याच्या शेजारी उभी, स्पीकर तिच्या तोंडाच्या उंचीला स्टुलावर. ती बोलते, मग स्पीकर बोलतो. मी डोळे मिटून, पातळी कानाने जुळवून. छातीतून बोलल्यासारखं वाटलं तर १०० ते २०० हर्ट्झ जास्त झालंय. नाकात वाटलं तर १००० च्या आसपास बघा. 'श' ला शिट्टी आली तर ५००० च्या वर. पहिल्या दिवशी आई स्वयंपाकघरातून कुठला आवाज स्पीकरचा ते लगेच सांगत होती. पॅनल, जागा आणि तो ४ डेसिबलचा कट झाल्यावर ती दोनदा चुकली, आणि कढई खाली ठेवून बघायला बाहेर आली.

या फाईलसोबत विकतच्या चार-पाच ओळखीच्या रेकॉर्डिंग ठेवा. लॉसलेस (काही न गाळता साठवलेल्या), सीडीच्या १६ बिट ४४.१ मध्ये पुरेशा आहेत. एक तानपुऱ्यासह गायन, एक एकल तबला (डग्ग्याची मींड, म्हणजे घसरत जाणारा स्वर, सलग ऐकू आली पाहिजे, मध्येच एखादा स्वर फुगायला नको), एक साधं निवेदन, एक गजबजलेलं भजन ज्यात टाळ, पखवाज आणि कोरस एकत्र असतात. त्याच आवृत्त्या कायम ठेवा, एकाच गाण्याच्या जुन्या आणि रिमास्टर प्रतीत स्पीकर बदलल्याएवढा फरक असू शकतो.

तुलना करताना

एका दुकानात माझी फसगत झाली होती. दोन स्पीकर शेजारी लावून दाखवले, एक जास्त मोकळा वाटला, मी घेतला, घरी आणल्यावर तो नुसता कर्कश. दुकानात तो फक्त मोठा वाजत होता. कानाला थोडासा मोठा आवाज मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. म्हणून स्पीकरची तुलना करताना ऐकायच्या जागी माईकने पिंक नॉईज मोजून पातळी जुळवा. ॲम्प किंवा डीएसीची (डिजिटल फाईलचा ऐकण्याजोगा सिग्नल करणाऱ्या डब्याची) करताना १०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर ठेवा, एकाला २.०० व्होल्ट आणि दुसऱ्याला २.०५ असेल तरी ०.२ डेसिबलचा फरक आहे, तो पुसा आणि मगच ऐका.

दुसरं, बघू नका. १९९४ मध्ये टूल आणि त्यांचे सहकारी ऑलिव्ह यांनी तेच श्रोते, तेच स्पीकर घेऊन एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून गुण द्यायला लावले, दिसायला लागल्यावर गुण बदलले. घरी मुलीला किंवा भाच्याला स्विच करायला बसवा, नाणं उडवून तो ठरवेल कुठलं लावायचं, तुम्ही पाठ करून फक्त ओळखा. १० पैकी ९ वेळा बरोबर आलं तर ते नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता साधारण १ टक्का आहे, तेव्हा फरक खरा माना. ७ आले तर अजून काही सिद्ध झालेलं नाही, चहा घ्या आणि परत करा. एका वेळी एकच वस्तू बदला, आणि बदलल्यावर शेवटी परत पहिली लावून ऐका, पुष्कळदा परत येतानाच खरं कळतं.

खोलीशिवायचा पंच म्हणून एक बऱ्यापैकी हेडफोन जवळ असू द्या. एखादा दोष स्पीकरवर ऐकू येतो आणि हेडफोनवर नाही, तर तो खोलीचा.

वही

माझी एक शंभर पानी वही आहे. तारीख, खोलीत काय बदललं, पातळी, माईकची रेघ कुठल्या नावाने सेव्ह केली, ताई काय म्हणाली. ताईचे शब्द तसेच लिहितो, "जवारी खुली", "डग्गा ओला वाटतो", कारण सहा महिन्यांनी आकड्यांपेक्षा त्यातून लवकर आठवतं. दर पाडव्याला आणि दर दिवाळीच्या साफसफाईनंतर टेपच्या खुणा बघायच्या, पिंक नॉईज ७५ ला लावायचा, एक स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा मोजणीचा स्वर) घ्यायचा आणि मागच्या रेघेवर ठेवून बघायचा. गेल्या दिवाळीत रेघ ९० हर्ट्झला ३ डेसिबलने खाली आली होती, सगळं तपासलं, स्पीकर, ॲम्प, वायर, शेवटी लक्षात आलं की आईने मागच्या कोपऱ्यातली गुंडाळलेली गादी पाहुण्यांसाठी आतल्या खोलीत नेली होती. गादी परत कोपऱ्यात उभी केली, रेघ जुन्या रेघेवर जाऊन बसली.